आत्याचा भारद्वाज

आमची आत्या पाणी पिण्याआधी तांब्यात डोकावून बघायची. तांब्या तिचा, हंडा तिचा, पाणी तिनंच बोअरिंगवरून भरून आणलेलं, तरी बघायची. मी एकदा न राहवून विचारलं, "आत्या, आत काय असणार आहे?" तर म्हणाली, "काय न्हाय ना? मंग बघितलं तर कुनाचं काय गेलं?" मी माझ्याही पेल्यात हळूच बघून घेतलं.

भिवंडीत शिरणाऱ्या ट्रकला जसं जकात नाक्यावर थांबावं लागायचं, तसं वडपे गावात आत्याच्या आळीत शिरणाऱ्या माणसाला तिच्या ओट्यापाशी. कोण, कुठला, कुणाकडे आलास, कशाला आलास आणि जाणार कधी, एवढं झाल्याशिवाय ती हातातलं सूप खाली ठेवत नसे. म्हणून गाव तिला 'नाकेवाली' म्हणायचं. तिलाही ते ठाऊक होतं. "म्हनू दे," ती म्हणायची, "नाक्यावर निदान गाडी थांबते. बाकीच्यांच्या घरात तर सरळ चुलीपरेंत जाते." तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. हायवेलगतचं कौलारू घर आणि घरामागची झाडांची वाडी एवढंच तिच्यापाशी होतं, आणि तेही कुणीतरी काढून घेणार याची तिला पक्की खात्री होती.

खात्री अगदीच हवेतली नव्हती. ती वर्षंच तशी होती. आज ज्या शेतात भात डोलतोय तिथे पुढच्या दिवाळीला पत्र्याचं गोडाऊन उभं, असं चाललं होतं. आधी पट्ट्याला मोबाइल लावलेला एक माणूस यायचा, ओट्यावर टेकायचा, "काय मावशी, तब्येत काय म्हणते?" असं विचारायचा. मग तिपाईवर नळी ठेवून एक डोळा मिटणारी माणसं यायची. मग जेसीबी. हे सगळं आत्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाबतीत बघितलं होतं, आणि त्यावरून स्वतःपुरतं एक वाक्य तयार केलं होतं. "गोड बोलला म्हंजे मोजायला आलाय." हे वाक्य ती सरसकट सगळ्यांना लावायची. गॅसवाल्यानं "बरं आहे ना?" विचारलं, मोजायला आलाय. दवाखान्यातले डॉक्टर हसून "जीभ दाखवा" म्हणाले, मोजायला आलाय. पुढारी मतं मागायला आले की मग तर तिला वेगळं काही बोलावंच लागत नसे.

पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाया घरोघर फिरायच्या आणि दारावर खडूनं खूण करून जायच्या. आत्याच्या घरात डोस पाजायला पोर नव्हतं, तरी खूण व्हायची. बाया वळल्या रे वळल्या की आत्या ओलं फडकं घेऊन ती पुसायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबीणबाई तपासणीला यायच्या, खूण नाही म्हणून पुन्हा चौकशी, पुन्हा खडू, पुन्हा फडकं. शेवटी त्या बायांनीच हात जोडले. मी आत्याला समजावायला गेले तर ती म्हणाली, "आधी निशानी करतात, मंग खांब रोवतात. तू लहान हाईस." तेव्हा माझी मुलगी दहावीला होती.

मी तिच्या भावाची मुलगी. भिवंडीतच टेमघरला राहायचे, सुताच्या एका व्यापाऱ्याकडे ऑफिसात काम करायचे. भिवंडीत कापडाचे लूम शुक्रवारी बंद, त्यामुळे माझी सुट्टीही शुक्रवारची. त्या दिवशी मी आत्याकडे जायचे. जाताना काही खाऊ नेला की ती पुडी हातात घ्यायची, वास घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. "कशाला आनलंस? काय पायजे तुला?" मला काही नको असायचं. पण काही नको असं म्हटलं की तिचा संशय वाढायचा, म्हणून मी काहीतरी मागायला शिकले. "थोडी आमसुलं दे," म्हणायचे. मग तिचा जीव भांड्यात पडायचा. मागणाऱ्या माणसाचं तिला भय नव्हतं. न मागणाऱ्याचं होतं.

हे वाचून कुणी तिला कजाग ठरवेल, तर तसं नव्हतं. हायवेवर पंक्चर झालेल्या ट्रकचे ड्रायव्हर तिच्याकडे पाणी मागायला यायचे. ती द्यायची, उन्हाचा आला असला तर वर गुळाचा खडाही द्यायची. फक्त दार अर्धं लावून, फटीतून हात काढून द्यायची आणि बजावायची, "पानी पियो, लेकिन घर मत देखो." बिचारे पाठ करून पाणी प्यायचे. एकदा एका म्हाताऱ्या सरदारजीला चक्कर आली तेव्हा तिनं त्याला ओट्यावर आडवा केला, कांदा फोडून नाकाशी धरला, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत दुसऱ्या हातानं घराची कडी धरून ठेवली. मला ती आवडायची ती अशी, दोन्ही हातांसकट.

तिच्या वाडीत एक भारद्वाज होता. काळं अंग, विटकरी पंख, लांब शेपूट, आणि गुंजेसारखा लाल डोळा. करवंदीच्या जाळीत राहायचा, सकाळी अंगणात उतरून रुबाबात चालायचा, गोगलगायी टिपायचा. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं आपल्याकडे मानतात. लोक वाट वाकडी करून त्याला बघतात. आत्याला तो रोज दिसायचा आणि तिचा त्याच्यावरही विश्वास नव्हता. "रोज दिसतो म्हंजे रोज चांगलं व्हायला पायजे. झालं काय? मंग हा येतो कशाला?" तो घुमायला लागला की ती त्याला ओट्यावरून विचारायची, "कोनाचा मानूस रं तू?"

एका शुक्रवारी मी गेले तर तिनं मला आत ओढलं आणि दाराला कडी घातली. दिवाळी होऊन गेली होती, दुपार होती, आणि तिचा चेहरा असा की मला वाटलं, आता हिनं खरोखरच कुणाला तरी पकडून कोंडलंय. ती मला मागच्या दारी घेऊन गेली आणि चिंचेकडे बोट केलं. "आवाज करू नको. वर बघ." पानांत काहीतरी तांबूस हललं. मी म्हणाले, "भारद्वाज आहे." "नीट बघ," ती म्हणाली. मग ते फांदीवर आलं. तांबडी-तपकिरी पाठ, पिवळसर पोट, आणि अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट फांदीखाली सोडलेली. पुढच्या दोन पायांत चिंचेचा आकडा धरून ते कुरतडत होतं. खार, पण मांजराएवढी. मी शाळेच्या पुस्तकात चित्र बघितलं होतं, म्हणून ओळखलं. शेकरू.

ते आलं कुठून हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. शेकरू घाटाच्या रानात असतं. भिवंडीच्या गोडाऊनांत त्याचं काय काम? आत्याचं म्हणणं, कुणीतरी चोरून पिंजऱ्यातून मुंबईला विकायला नेत असणार, शेजारच्या ढाब्यावर ट्रक थांबला असणार आणि ते निसटलं असणार. तिच्या सगळ्या संशयांत हा एक मला पटला. मी हौसेनं तिला सांगितलं, "आत्या, हे फार दुर्मिळ आहे. रानं तुटतात तसं कमी होत चाललंय. सरकारनं त्याला जपायचं ठरवलंय." आणि सांगून टाकल्यावर लक्षात आलं की काय करून बसले. तिचा चेहरा पडला. "सरकारनं?" ती म्हणाली. "म्हंजे जागा गेली."

यात तिचा दोष नव्हता. तिची नणंद दिली होती ती तानशाच्या बाजूला, अभयारण्याच्या कडेच्या गावात. तिथे स्वतःच्या बांधावरची फांदी तोडायची तरी विचारावं लागतं, असं नणंद दर लग्नकार्यात येऊन सांगायची. त्यावरून सगळ्या गावानं एक समज करून घेतला होता: ज्याच्या जागेत जंगलचं जनावर निघालं त्याची जागा जंगलखात्याची. मी म्हणाले, असं एका जनावरानं होत नाही. ती म्हणाली, "तुला लिहून दिलंय कुनी?" दिलं नव्हतं. मग तिनं माझा हात धरला आणि मला देव्हाऱ्यापाशी नेऊन वदवून घेतलं. चिंचेवर काय आहे? तर भारद्वाज आहे.

तिथून पुढे तिनं जे काम केलं ते एखाद्या वकिलानं करावं तसं होतं. दोघांमधलं सारखं काय आणि वेगळं काय हे तिनं आधी स्वतःशी नीट मांडलं. रंग दोघांचा तांबूस, शेपूट दोघांची लांब, दोघंही पानांतून सरपटल्यासारखी जातात; एवढं तिच्या बाजूचं. भारद्वाज भुईवर चालतो आणि हे कधी खाली उतरत नाही. त्यावर तिनं सांगायला सुरुवात केली की भारद्वाजाचा पाय दुखावलाय. भारद्वाज खोल घुमतो आणि हे कट-कट-कट असं ओरडतं. तर त्याचा घसा बसलाय. खाली कुरतडलेल्या चिंचा पडायच्या, त्या उंदरांच्या नावावर. शेंड्याला काटक्यांचं मोठं घरटं झालं, ते कावळ्याच्या नावावर. शेजारणी विचारायच्या, "नाकेवाले, तुझा भारद्वाज बरा झाला काय गं?" आणि ही गंभीरपणे सांगायची, "न्हाय बाय, अजून काढा देते." खरा भारद्वाज यावेळी अंगणात ठणठणीत चालत असायचा. त्याला ती सुपानं हाकलायची.

हळूहळू तिचं बघणं बदललं. पहिल्यांदा ती शेकरावर पाळत ठेवत होती, मग नुसतीच बघायला लागली. दुपारी मागच्या दारात पाट टाकून बसायची. मी गेले की शेजारी बसवायची आणि दोघांची तुलना चालायची. "हा बघ," अंगणातल्या भारद्वाजाकडे बोट, "ह्याला काय भ्या न्हाय. कुनाच्या बी अंगनात जातो, सगल्यांना आवडतो, म्हंजे ह्याच्या मनात काय हाय कोनाला ठावं. आनि ते बघ. भुईवर पाय ठेवत न्हाय. जमिनीचा भरोसाच न्हाय त्याला. फांदी धरायच्या आधी बघतं, धरल्यावर बघतं, खातं तवा बी एक डोला खाली." मग थोडं थांबून म्हणायची, "शहानं हाय." मला हसू यायचं, कारण ती स्वतःचंच वर्णन करत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या स्वभावाचं कुणीतरी भेटलं होतं. ते चार पायांचं होतं आणि झाडावर राहत होतं, हे तिच्या दृष्टीनं बरंच होतं. तिथून ते जमीन मोजायला येण्याचा प्रश्न नव्हता.

अशात एक दिवस कॉलेजातले एक सर आले. पक्षी बघत गावोगाव हिंडणारे, टोपी घातलेले, सज्जन गृहस्थ. कुणीतरी त्यांना आजारी भारद्वाजाची बातमी दिली होती. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती, आणि तिथेच घात झाला. नळीतून बघणारी माणसं आत्याला चांगली ठाऊक होती. तिनं त्यांना ओट्यावर बसवून इतका वेळ प्रश्न विचारले की त्यांची टोपी घामानं भिजली. शेवटी त्यांना चहा दिला, वाडीत नेलं आणि करवंदीच्या जाळीतला खरा भारद्वाज दाखवला. तो लंगडत नव्हता, घुमतही छान होता. "झाला बरा. काढा लागू पडला," आत्या म्हणाली. जाताना सरांना चिंचेवर काहीतरी तांबडं हललेलं दिसलं. ते थबकले. "मला क्षणभर शेकरूच वाटलं," ते हसून म्हणाले, "पण इथे कुठलं शेकरू!" "इथं कुटलं आलंय," आत्याही हसली. ते गेल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मोजायला आलावता. पाठवला भारद्वाज देऊन." त्या रात्री ती म्हणे पोटभर जेवली.

वाडी मात्र सगळी तिची नव्हती. अर्धी तिच्या दिराची, आणि दीर गेल्यावर त्याच्या मुलाची, केशवची. मधे कुंपण नव्हतं, झाडांनी झाडांचे हात धरलेले, म्हणून कुणाचं काय हे कधी कुणी बघितलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर केशवनं आपला तुकडा गोडाऊनला दिला. त्यानं दिला याचं आत्याला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते त्यानं झाडं दाखवायला सुरुवात केली तेव्हा. जांभूळ त्याचं. उंबर त्याचं. आणि चिंच, जिच्या शेंड्याला ते घरटं होतं, तीसुद्धा त्याची. आत्याच्या वाटणीला तिचा आंबा, एक भोकर आणि करवंदीची जाळी उरणार होती, आणि भोवताली चारी बाजूंनी पत्रे आणि हायवे.

"चिंच ठेव," ती त्याला म्हणाली. "कशाला?" त्यानं विचारलं. आणि इथे ती अडली. कारण सांगायचं तर शेकरू सांगावं लागणार, आणि इतके दिवस तिनंच गावभर भारद्वाज सांगून ठेवला होता. "भारद्वाज हाय त्यावर," ती म्हणाली. केशव वाईट नव्हता. तो समजुतीनं म्हणाला, "काकी, भारद्वाज काय, दुसऱ्या झाडावर बसंल." खरंच होतं ते. भारद्वाजासाठी कोण झाड ठेवतं? तो सगळीकडे आहे, तो कुठेही राहील. आत्या रात्रभर झोपली नाही, आणि सकाळी माझ्या दारात हजर. तिला असं माझ्या घरी आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "चल," म्हणाली, "त्या टोपीवाल्याकडं."

कॉलेजात सर भेटले. आत्या त्यांच्यासमोर बसली, पुतण्या झाडं तोडतोय ते सांगितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "चिंचेवर हाय ते शेकरूच हाय." सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बाई, आपण दोघांनी बघितलाय तो भारद्वाज. तुम्हीच दाखवलात."

"तवा मी खोटं बोलले."

"मग आता खरं बोलताय हे मी कशावरून समजू?" ते अगदी हळू आवाजात बोलत होते. "राग मानू नका. पुतण्या झाडं तोडतोय असं तुम्हीच सांगितलंत. झाडं वाचवायला लोक येऊन बिबट्यासुद्धा सांगतात हो."

जन्मभर आत्या दुसऱ्यांवर संशय घेत आली होती. तिच्यावर कुणी घेतला नव्हता. बाहेर आलो तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला तिची फार दया आली. रिक्षात बसल्यावर ती नाक ओढून म्हणाली, "मानूस बरा हाय. लगेच इश्वास ठेवत न्हाय."

सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. विश्वास बसला म्हणून नव्हे. आपलीच काही चूक तर झाली नाही ना, या शंकेनं. पण तोवर करवत घेऊन माणसंही आली होती. आवाजानं शेकरू पानांत दडून बसलं, शेपटीचं टोकसुद्धा दिसेना. सर दुर्बीण लावून मान अवघडेपर्यंत उभे राहिले. केशव हसत होता, गावातली चार माणसं जमली होती, आणि आत्या चिंचेच्या बुंध्याला हात लावून वर बघत होती. "ये रं," ती म्हणत होती, "एकदा दिस. एकदाच." ते कशाला येतंय? माणसावर विश्वास ठेवू नये, हे ते तिच्याइतकंच जाणून होतं.

मग शेजारचं जांभूळ कडाडून कोसळलं. त्याच्या फांद्या चिंचेत अडकल्या, चिंच मुळापासून हलली, आणि शेंड्यातून ते निघालं. चारी पाय पसरून, शेपूट मागे सोडून, उन्हात तांबडंलाल दिसत ते सगळ्यांच्या डोक्यावरून आत्याच्या आंब्यावर गेलं. सरांच्या हातून दुर्बीण सुटून छातीवर आपटली. करवतवाले म्हणाले, "अरे बाप रे, ये क्या था?" आणि केशवचं हसू गेलं. सर काही बोलायच्या आत तोच आत्याचे हात धरून म्हणाला, "काकी, बोल ना भारद्वाज हाय. सगले तुझंच मानतील. जंगलवाले आले तर जमीन जाईल गं आपली!"

'भारद्वाज हाय' हे तिचंच वाक्य होतं, तिनंच गावाला पढवलेलं. आत्यानं आंब्याकडे बघितलं. ते खोडाला चिकटून धापा टाकत होतं. त्याच्या पुढे झाड नव्हतं. "जाईल तर जाईल," ती म्हणाली. "आपन कुटं बी जाऊ. ते कुटं जाईल?" आणि सरांकडे वळून म्हणाली, "लावा फोन."

जंगलखात्याची माणसं आली, पिंजरा घेऊन. जमिनीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एक वयस्क गार्ड होते, त्यांनी तर सांगितलं, "बाई, आम्हाला आहे तेवढं सांभाळता येईना, तुमचा तुकडा घेऊन काय करू?" सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतके महिने ज्या भीतीपायी तिनं खोटं जपलं, त्या भीतीत काही तथ्य नव्हतं. यावर आत्या काय म्हणाली असेल? "आज बोलतात असं."

पिकलेला फणस ठेवून दोन दिवसांनी शेकरू पिंजऱ्यात सापडलं. गार्ड पिंजरा जीपमध्ये ठेवतात तोच आत्या पातळ नेसून, पायांत चपला घालून जीपमध्ये बसलेली. "मी येनार. वाटेत इकलंत तर?" गार्डनी खूप समजावलं. शेवटी तेही हरले, आणि आम्ही दोघी मुरबाडच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याच्या रानापर्यंत गेलो. सगळी वाट पिंजरा तिच्या मांडीला टेकून होता आणि तिचा हात त्याच्या कडीवर होता. सरदारजीच्या वेळी घराच्या कडीवर होता तसाच. दार उघडल्यावर शेकरू थोडा वेळ आतच बसलं. चहूकडे बघून घेतलं. मग एका झेपेत झाडावर, दुसऱ्या झेपेत दिसेनासं. गार्ड म्हणाले, "चला, झालं." आत्या रडत रडतच त्यांच्यावर उखडली. "झालं कसं? मी गेल्यावर परत पकडलंत तर?"

म्हणून आम्ही तपासायला जायला लागलो. सणवार, पाऊस, माझी कामं सांभाळून, जमेल त्या शुक्रवारी एसटीनं मुरबाड आणि पुढे जीपगाडीनं. आत्या गार्डची उलटतपासणी घ्यायची, तेही मग आम्हाला कुठे काय दिसलं ते सांगायचे, त्यांच्या बायकोच्या हातची भाकरी खाऊ घालायचे. ती भाकरी आत्या आधी उलटून बघायची. ते देवमाणूसच होते, कधी रागावले नाहीत. पण शेकरू काही दिसलं नाही. दरवेळी मान वर करून ती रान पालथं घालायची, आणि दिसायचा तो भारद्वाज. एखादा कुठूनतरी निघायचा, समोरून चालत जायचा, घुमायचा. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसायची. "हे लोक बोलतात सोडलंय. सोडलंय तर दिसत का न्हाय?"

मग तिला एसटीची पायरी चढवेना, मग ओटा उतरवेना. मी तिला टेमघरला घेऊन आले. औषधाची गोळी ती आधी माझ्या नवऱ्याला दाखवायची, मग मला, मग खिडकीतल्या उजेडात धरून बघायची. तेवढं बळ होतं तोवर मला फार काळजी वाटली नाही. एके दिवशी तिनं गोळी न बघता गिळली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "तू जाऊन ये गं एकदा. बघून ये."

मी एकटी गेले. गार्ड मला ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. फार वेळ थांबावं लागलं नाही. एका बेहड्याच्या उंच फांदीवर ते आडवं पसरलं होतं, शेपूट खाली सोडून. शेजारच्या फांदीवर दुसरं होतं. आणि दोघांच्या मागे, शेंड्याला, काटक्यांचं घरटं. तेच कशावरून, असं आत्यानं विचारलं असतं. पण आपला एक डोळा खाली माझ्यावर ठेवून ते ज्या तऱ्हेनं खात होतं, त्यावरून मला काही शंका राहिली नाही. इतका आनंद मला क्वचित झाला असेल. सगळी वाट मी एसटीत वेड्यासारखी हसत होते.

घरी आले तेव्हा आत्या जागी होती. मी पर्स न ठेवताच सांगितलं. तिनं डोळे बारीक केले आणि नाका सुरू झाला. कंच्या झाडावर? शेपूट कुठल्या बाजूला? दुसरं होतं ते मोठं का बारकं? घरटं कशाचं? मी एकेक उत्तर देत गेले, कुठेच अडले नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचा चेहरा सैल झाला, आणि तिनं वाळलेला हात माझ्या गालावरून फिरवला.

"येवढं खोटं," ती म्हणाली, "माज्यासाठी कधी कोनी बोललं न्हवतं."

"आत्या, शप्पथ, मी खरंच..."

"असू दे. चांगलं बोललीस. येक बी जागी अडकली न्हाय." तिनं डोळे मिटून घेतले. "आता परत सांग. सावकाश सांग."

मी तिच्या उशाशी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.